गाळलेले वाक्य

माझे हात हवेत थांबले होते आणि टेबलाभोवतीचे तिघेही त्यांच्याकडे पाहत होते.

गच्चीवर संगीत चालू होते. खाली शहराने दिवे लावायला घेतले होते, वर आकाशाला अजून उजेड सोडवत नव्हता; उन्हाळ्यातल्या शनिवारची ती संध्याकाळ संपायला काही केल्या राजी नव्हती. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा गलका उसळत होता. आमच्या टेबलावर मात्र एक शांतता येऊन बसली होती, आणि ती माझ्या बोटांपासून सुरू झाली होती.

"सांगा ना, ताई," समोरचा माणूस भुवया उंचावून म्हणाला. "एवढं काय अवघड बोललो मी?"

अवघड काहीच नव्हते. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जन्मापासून ऐकू येत नाही. मी दुभाषी आहे. त्याच्याशी आणि त्याच्यासाठी बोलता बोलता शिकलेली खुणांची भाषा हाच पुढे माझा व्यवसाय झाला. न्यायालयांत, रुग्णालयांत, शाळांच्या कचेऱ्यांत मी दोन माणसांच्या मध्ये उभी राहते आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या हाती देते. आमच्या कामाचा नियम एका ओळीत मावतो: वाढवायचे नाही, गाळायचे नाही, बदलायचे नाही. बारा वर्षांत या हातांनी लोकांना त्यांचे आजार सांगितले आहेत, शिक्षा सांगितल्या आहेत, घटस्फोट सांगितले आहेत. कामावर ते कधी थांबले नव्हते.

समोरच्या माणसाने, हसत हसत, इतकेच म्हटले होते: "यांना सांगा, हिने तुम्हाला 'माझ्याबरोबर चल' म्हणून विचारलं, तुम्ही म्हणालात 'जा', म्हणून मला ही बायको मिळाली. जन्मभर तुमच्या ऋणात आहे मी!"

त्याची बायको पेल्यातल्या बर्फाकडे पाहत होती. दादा माझ्या हातांकडे पाहत होता. आणि आम्हा चौघांपैकी एकट्या मला ठाऊक होते की तिचा तो प्रश्न दादापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आठ वर्षांपूर्वी, आमच्या स्वयंपाकघरात, मी तो गाळला होता.

*

या सुट्टीची कल्पना दादाचीच. हिवाळ्याच्या अखेरीस आई गेली. आठ वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि त्या आठ वर्षांत आम्ही दोघे मिळून एकदाही घराबाहेर पडलो नव्हतो. एक बाहेर गेला की दुसरा उशाशी. ती गेल्यावर घर इतके मोकळे झाले की आम्ही एकमेकांना अडखळू लागलो. मग एके दिवशी दादाने आपल्या सुतारकामाच्या टेबलावरून एक जुना पॉलिशपेपर उचलला, त्याच्या पाठीवर जाड पेन्सिलीने अकरा ठिकाणे लिहिली आणि माझ्यासमोर धरला. मोठ्या शहरातली अकरा प्रेक्षणीय स्थळे, दोन दिवसांत.

"माणसं बघायला जातात की शर्यत पळायला?" मी खुणेने विचारले.

"आठ वर्षांची भूक आहे," तो म्हणाला. त्याचे हात बोलताना मोठे होतात. सगळे हसणे खांद्यांतून येते. "एका ताटात भागणार नाही. तू दमलीस तर तुला एखाद्या बाकावर ठेवीन, येताना घेऊन जाईन."

सातव्या क्रमांकावर लिहिले होते: नाट्यगृह, पडद्यामागे.

"तिथल्या रंगमंचाची लाकडी जमीन दीडशे वर्षांची आहे," माझी नजर तिथे अडकलेली पाहून तो म्हणाला. "जमीन बघायची आहे."

त्या नाट्यगृहाच्या कपडेपटात कोण काम करते हे मला ठाऊक होते. त्यालाही ठाऊक होते.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो आणि सामान टाकून थेट नदीकाठच्या रोषणाईकडे गेलो. कारंजी संगीतावर नाचत होती. दादाने कठड्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले; पाण्याच्या पंपांचा ठेका दगडातून त्याच्या हातात चढत होता. "पंप बेसूर आहे," तो गंभीरपणे म्हणाला, आणि एका कारंज्याकडे बोट दाखवले. ते खरोखरच इतरांच्या मागून उडत होते. मी कितीतरी वर्षांनी पोट धरून हसले. शनिवारी सकाळी मत्स्यालय, मग काचेचे वनस्पतिगृह, मग नावेतून पुलांखालची फेरी. प्रत्येक तिकीटखिडकीपाशी तो मला कोपराने ढोसायचा: बोल. मी बोलायचे. मत्स्यालयात तो एका मोठ्या जर्जर कासवासमोर पाऊण तास उभा राहिला. "हा आपल्या भाषेत बोलतो," म्हणाला, "फक्त फार सावकाश. अजून पहिलं वाक्य चालू आहे."

दुपारी आम्ही नाट्यगृहात शिरलो.

वीसेक माणसांचा आमचा घोळका वाटाड्याच्या मागून दोऱ्यांच्या, पडद्यांच्या, धुळकट सिंहासनांच्या गर्दीतून फिरत होता. कपडेपटाचे दार उघडले. लांबलचक टेबलावर निळ्या मखमलीचा झगा पसरलेला, आणि त्याच्यावर वाकलेली ती. ओठांत टाचण्यांची रांग. खुणांच्या भाषेत माणसांची नावे त्यांच्या सवयींवरून पडतात, आणि दादाने तिचे नाव पहिल्या भेटीतच पाडले होते: ओठांच्या कोपऱ्यावर दोन बोटे. टाचणी. तेव्हा ती आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या असल्या की तिला बोलता येत नसे, आणि दादा म्हणायचा की एवढी एकच बाई माझ्याशी बरोबरीने गप्प बसते.

तिने मान वर केली. त्याला पाहिले. बोलायला तोंड उघडता येईना, म्हणून तिने एकेक टाचणी ओठांतून काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली. सात टाचण्या. घोळका पुढे सरकत होता. मग तिने उजव्या तळहाताने हवेत एक लांब, सरळ फटकारा ओढला. रंधा. दादाचे नाव.

"विसरली नाही," दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला.

"कसा आहेस?" तिने बोटांनी विचारले, पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलासारखे. तेवढ्यावर तिची भाषा संपली. तिने माझ्याकडे वळून सुटकेचा श्वास टाकला. "अगं, तूपण आहेस! बरं झालं बाई. आता बोलता तरी येईल."

मी हसले. मी तिचे वाक्य दादाला सांगितले, आणि त्याचे तिला, आणि पाच मिनिटांत ठरले की संध्याकाळी तिचा नवरा जिथे साउंड बघतो त्या गच्चीवरच्या क्लबात आम्ही यायचे. 'नवरा' हा शब्द मी हातांनी सांगितला तेव्हा दादाने एकदाच मान हलवली. वळणावर आधीच दिसलेला दगड चाकाखालून जावा तशी.

*

तिचा नवरा वाईट असता तर सगळे सोपे झाले असते. साउंडवाला हा घामाघूम, गोलमटोल, मनमोकळा माणूस. दादाला पाहताच त्याने त्याला ओढत स्पीकरांच्या मधल्या लाकडी चौथऱ्यावर नेले.

"बूट काढा, साहेब! ताई, यांना सांगा, कानांनी काय, सगळेच ऐकतात. इथे उभं राहून तळव्यांनी ऐका. माझं अर्धं काम या फळ्यांत आहे, आणि आजवर एका माणसानं त्याची दाद दिली नाही."

दादा अनवाणी उभा राहिला. त्याचा चेहरा सावकाश उजळला. मग तो नाचू लागला. आधी घोट्यांत, मग गुडघ्यांत, मग सगळ्या अंगात ठेका चढत गेला. तो इतरांपेक्षा क्षणभर आधी वळायचा, कारण ढोलाची थाप हवेआधी फळीतून यायची. लोकांनी त्याच्याभोवती जागा केली. मी कठड्याला टेकून पाहत होते आणि मनात म्हणत होते, हे एवढेच असू दे. एवढ्यावर हा शनिवार संपू दे.

तो घामाने निथळत माझ्याकडे आला. "हा माणूस मला आवडला," म्हणाला. "म्हणजे पंचाईत आहे."

मग आम्ही चौघे टेबलाशी बसलो. साउंडवाला बोलत होता, मी हात हलवत होते, टाचणी हसत होती. आणि मग त्याने ते वाक्य टाकले.

*

आठ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. आईला अंथरुण धरून तीन महिने झाले होते. मी दोन रात्री झोपले नव्हते. टाचणी दुकान बंद करून तडक आली होती. कॉलरला अजून दोन टाचण्या होत्या. दाराशी मला थांबवून ती म्हणाली, "तू मध्ये बस. मला काहीतरी बोलायचंय त्याच्याशी."

"लिहून दे की. रोज तर चिठ्ठ्या चालतात तुमच्या."

"असलं काही लिहून दिलं की अर्ज केल्यासारखं वाटतं गं. मला त्याचा चेहरा बघायचाय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघे बसलो. पलीकडच्या खोलीतून आईचा खोकला येत होता. टाचणी भरभर बोलली. पहिले वाक्य: मोठ्या नाट्यगृहात काम मिळाले आहे. मी सांगितले. दुसरे: पुढच्या महिन्यात जायचे आहे. मी सांगितले. तिसरे वाक्य, तू माझ्याबरोबर येशील का, माझ्या कानांतून आत आले, खांद्यांतून खाली उतरले आणि कोपरांपाशी थांबले. मला दिसली ती पुढची वर्षे: हे घर, ती खोली, तो खोकला, आणि मी. एकटी. मी हात आखडता घेतला. फक्त तो एक क्षण; मग मी हात मांडीवर ठेवले. बोलणे संपले, अशी ती खूण असते.

दादा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तो वाट पाहत होता, हे मला दिसत होते. मग तो म्हणाला, आणि मी ते जसेच्या तसे मोठ्याने बोलले: "जा. तुझ्या हातांना मोठं काम मिळायला हवं."

ती उठली. तिचे डोळे भरले होते. त्याला वाटले, निरोपाने. तिला मात्र तो 'जा' म्हणजे नकार वाटला होता. पुढच्या महिन्याची वाट न पाहता आठवड्याभरातच ती गेली. त्याने एक निरोप पाठवला, पोचलीस का. तिने उत्तर दिले, पोचले. मग दोन्ही बाजूंनी मानी माणसे गप्प झाली.

पुढे कधीतरी, फळी घासता घासता मध्येच हात थांबवून, दादा म्हणायचा: "तिने विचारलं असतं तर." वर्षातून दोनदा, तीनदा. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "जाऊ दे रे, गेलेल्या गोष्टीची खपली काढू नये." खपली माझीच होती.

*

"ताई?" साउंडवाला म्हणाला.

मी त्या वेळीही गाळू शकले असते. टाचणीला दहा-बारा खुणा येत होत्या. तिला कळले नसते. 'तुम्हाला भेटून आनंद झाला' असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. माझ्या हातांना तो रस्ता माहीत होता. त्यांनी तो का घेतला नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित दादा अजून अनवाणीच होता म्हणून.

मी सांगितले. वाढवले नाही, गाळले नाही, बदलले नाही. हिने तुम्हाला माझ्याबरोबर चल म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात जा. म्हणून मला ही बायको मिळाली.

दादाची नजर माझ्या हातांवरून माझ्या चेहऱ्यावर आली. तिथे ती थोडा वेळ राहिली. मग तो साउंडवाल्याकडे वळला आणि हसला, कारण तो माणूस हसण्याची वाट पाहत होता. त्याचे हात हलले आणि मी बोलले: "ऋण कसलं. तिला चांगला माणूस मिळाला. माझ्या तळव्यांना विचारा."

"वा! काय बोललात!" साउंडवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घड्याळ पाहून उडीच मारली. "अरे, गाणं संपेल. दोन मिनिटांत आलो. माझ्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर हीच वेळ!"

तो गेला. आम्ही तिघे उरलो; त्या स्वयंपाकघरात होतो तसेच, मी मध्ये.

"तिला विचार," दादा म्हणाला. त्याच्या खुणा लहान झाल्या होत्या, कचेरीतल्या अनोळखी दुभाष्याशी माणसे बोलतात तशा. "त्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली होती. एकेक शब्द."

मी विचारले.

"आता कशाला ते?" टाचणी म्हणाली. मी ते त्याला सांगितले.

"मला हवं आहे," मी त्याच्या वतीने बोलले.

तिने पेला बाजूला सरकवला. "मी म्हणाले होते, मला मोठ्या नाट्यगृहात काम मिळालंय." दादाने मान हलवली. "पुढच्या महिन्यात जायचंय." मान हलवली. "आणि म्हणाले होते, तू माझ्याबरोबर येशील का? आईंना सोडून ये असं मी म्हणत नाही. त्यांना घेऊनच जाऊ. नाहीतर मी दर आठवड्याला येईन. कसं करायचं ते आपण तिघं मिळून ठरवू."

माझे हात तिच्या मागून चालत होते आणि मध्येच मला कळले की ते काय सांगत आहेत. या वाक्याचा पुढचा भाग एवढा लांब होता. आपण तिघं मिळून. मी ते ऐकले होते. मी समोरच बसले होते. पण मी वाक्य गाळले तेव्हा स्वतःच्या आठवणीतूनही त्याचा पुढचा भाग कापून टाकला असणार, कारण आठ वर्षे माझ्या एकटेपणाचे जे कारण मी उराशी धरून बसले होते, ते तिने त्याच श्वासात मोडून काढले होते. मी सगळे सांगितले. 'तिघं' ही खूण करताना बोट फिरवावे लागते: तू, ती, मी. माझे बोट फिरले.

दादाने विचारले, मी बोलले: "आणि मी म्हणालो, जा."

"तू म्हणालास, जा." मग टाचणी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तिचा आवाज उतरला. "तू त्याला सांगितलंच नव्हतंस?"

हा प्रश्न मला होता. पण नियम असा आहे की दोघांच्या मध्ये जे बोलले जाते ते सगळे सांगायचे, स्वतःला विचारलेलेसुद्धा. मी दादाला खुणेने सांगितले: ती विचारते आहे, तू त्याला सांगितलंच नव्हतंस?

त्याचे हात हलले. दुभाष्याच्या तोंडी जो 'मी' असतो तो त्याचा नसतो, ज्याचे बोलणे त्याचा असतो. मी मोठ्याने म्हणाले, "मला आज कळलं."

टाचणीने तोंडावर हात ठेवला. "वर्षभर," ती बोटांआडून म्हणाली, "वर्षभर मी प्रत्येक सुट्टीला स्टेशनवर जाऊन उभी राहायचे. वेड्यासारखी. म्हटलं, मनात आलं तर येईल. रस्त्यात कुठे ताज्या लाकडाचा वास आला तरी..." ती एकदम भानावर आली. "हे नको सांगूस. हे त्याला नको सांगूस."

माझे हात तिच्या अर्ध्या वाक्यामागे होते. ते थांबले नाहीत. स्टेशन सांगितले. लाकडाचा वास सांगितला. आणि तेही सांगितले: हे नको सांगूस. हे त्याला नको सांगूस.

दादा खाली वाकून बूट घालू लागला. नाडी बांधायला त्याला वेळ लागला.

"काय झालं?" साउंडवाला परत आला होता. "मी दोन मिनिटं हललो की मैफल मरतेच, बघा! काय गं, रडतेस?"

"धूर गेला डोळ्यांत," टाचणी म्हणाली. तिथे कुठेच धूर नव्हता. दादाने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग टाचणीकडे पाहून त्याने तिचे नाव घेतले, ओठांच्या कोपऱ्यावर दोन बोटे.

*

रविवारी सकाळी मला वाटले, तो परतीची गाडी धरायला सांगेल. तो दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसला होता. त्याने यादी माझ्यासमोर धरली. चार ठिकाणे उरली होती.

न्याहारीला त्याने नेहमीसारखे लोणी माझ्याकडे सरकवले. रस्ता ओलांडताना नेहमीसारखा माझ्या कोपराला हात लावला. चित्रसंग्रहालयाच्या खिडकीपाशी मी सवयीने पुढे झाले, आणि पाहिले तर त्याने फोनवर दोन ओळी लिहून काचेला लावल्या होत्या: दोन तिकिटे, मला ऐकू येत नाही. खिडकीतल्या मुलीने अंगठा दाखवला. त्याने वळून मला तिकीट दिले. एवढेच. जुन्या बाजारात घासाघीस फोनवर केली. फिरत्या पाळण्यातून खाली उतरताना सांभाळणाऱ्याने काहीतरी विनोद केला, दादाने फोन पुढे केला, त्या माणसाने तो टाइप केला, आणि दोघे हसले. मी दोन पावले मागे उभी होते. माझ्याजवळ त्या दिवशी काही काम नव्हते. गर्दी किती होती! उन्हात चकाकणारी डोकी, खांद्यांवर बसलेली मुले, वितळणारे आइस्क्रीम, फोटोसाठी एकमेकांना चिकटलेली जोडपी. साऱ्या शहराला त्या दिवशी कुणाशी तरी बोलायचे होते.

उंच मनोऱ्याच्या गच्चीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वारा होता. लोक दुर्बिणींपाशी रांगा लावून आपापल्या हॉटेलांची छपरे शोधत होते. दादा कठड्याशी उभा राहिला. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले, शहर माझ्या पाठीशी ठेवून, म्हणजे त्याला माझ्या हातांकडे पाहावेच लागेल.

"दादा, एकदा ऐकून घे." आम्ही घरी हाच शब्द वापरतो, ऐकून घे.

त्याने पाहिले.

मी सगळे सांगितले. झोप नव्हती ते सांगितले, खोकला सांगितला, कोपरांपाशी थांबलेले वाक्य सांगितले. आणि वाक्याचा पुढचा भाग मी खरोखर विसरले होते, हेही सांगितले, जरी ते मला स्वतःलाच खोटे वाटत होते. "मला वाटलं तू गेलास तर मी त्या घरात मरेन," मी म्हणाले. "एवढंच वाटलं. तुझं काय होईल याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. आणि नंतर दर वेळी तू 'तिने विचारलं असतं तर' म्हणालास, तेव्हा मला सांगता आलं असतं. तिचं लग्न झालं नव्हतं तोवर तरी. मी सांगितलं नाही."

शेजारी एक बाई आपल्या मुलांना ओरडत होती. त्यांतल्या धाकट्याने आमचे हात पाहून आपलेही हात हवेत हलवले आणि तिने त्याला मागे ओढले.

मग त्याचे हात उठले. कालपासून पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते.

"आईला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "पलीकडच्या खोलीत. टाचणीचा आवाज."

मला कळले नाही. मग कळले: टाचणीचा तो प्रश्न आईने ऐकला होता, आणि माझ्या आवाजातला 'जा'सुद्धा.

"आईने जाण्याच्या आदल्या आठवड्यात माझा हात धरला," त्याचे हात सावकाश चालले होते, "आणि घरच्या खुणांनी म्हणाली, 'तू राहिलास. माझ्यासाठी राहिलास. मला सगळं माहीत आहे.' मला वाटलं, तापात बोलते आहे. मी काय केलं होतं? मी तर घरातच होतो. मी म्हटलं, 'हो आई.'" तो थांबला. "ती रडली. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मी कधी न केलेल्या गोष्टीचे आशीर्वाद घेऊन बसलो आहे मी."

वारा त्याच्या सदऱ्यात भरत होता. खाली, फार खाली, नदीवरून नाव चालली होती, आणि तिच्यात बसलेल्या रंगीत ठिपक्यांपैकी कुणी तरी वर हात करत होते.

मला क्षमा मागायची होती. त्या खुणेसाठी मूठ छातीवर फिरवतात. मूठ वळलीही होती. पण तिच्याऐवजी जे बाहेर आले ते मी आठ वर्षे, रोज रात्री, आईची कूस बदलताना स्वतःला विचारत आले होते. तो 'नसतो गेलो' म्हणाला असता तर माझ्या अपराधाचे वजन उतरणार होते. 'गेलो असतो' म्हणाला असता तर निदान ते किती आहे हे कळणार होते. दोन्हींत मला माझीच सुटका हवी होती, आणि तरी मी विचारले.

"दादा, मी सांगितलं असतं, तर तू गेला असतास का?"

त्याने माझे हात खाली येईपर्यंत पाहिले. कुणाचेही वाक्य अर्धे असताना तो कधी नजर काढत नाही, तशी त्याने तेव्हाही काढली नाही. मग त्याने कठड्यावरून तळहात उचलला, माझ्याकडे पाठ केली आणि गर्दीतून वाट काढत जिन्याकडे चालू लागला. मी त्याच्या मागे हात हलवत राहिले, "दादा, दादा," शेवटी तोंडानेही, मोठ्याने. दुर्बिणींपाशी उभी असलेली सगळी माणसे वळली.